घाट चढण्यापुरतं पाणी

मोताळा, ८ एप्रिल

कुलदीप,

नाव लिहूनच सुरुवात करते. आईंसमोर तुमचं नाव घ्यायची मला सवय नव्हती आणि आता तर या घरात ते कोणीच घेत नाही. तुमच्या मस्कतच्या गॅरेजच्या पोस्टाच्या पेटीचा नंबर तुमचे मेकॅनिक मित्र संघर्षभाऊ यांनी दिला. पत्र पोचतं म्हणाले, उशिरा का होईना. फोन केला असता, पण गाडीचा विषय निघाला की तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणता. आणि मला गाडीबद्दलच बोलायचं आहे.

माळ्यावरचं खोकं मी आज खाली काढलं. तुम्ही गाडीसाठी मागवलेलं, बाबांच्या तेरवीला कुरिअरवाला मांडवात घेऊन आला होता तेच. तुम्ही सही केलीत आणि न उघडता वर टाकलंत. आत एक अॅल्युमिनियमचा चौकोनी डबा आहे, मुठीएवढा पंप आहे, एक पातळ रेडिएटर, त्याचा पंखा आणि निळ्या पाइपांचं भेंडोळं. सगळं अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आहे. माहितीचा कागद आहे, पण तो इंग्रजीत आणि अर्धा चिनीत. हे सगळं कशाला जोडायचं ते मला कळत नाही.

मी गाडी चालवायला शिकले. गेल्या दिवाळीत शिकले. आता रोज चालवते म्हटलं तरी चालेल. थंडीत ती घाट गाणं म्हणत चढते. पण होळी झाली की तिचं बिनसतं. परवा राजूर घाटात कापसाच्या ट्रकमागे अडकलो, तेव्हा पिवळा दिवा लागला आणि अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी सायकलीसारखी चालायला लागली. तुम्हाला हे मी सांगायला नको.

आईंना बुलडाण्याला न्यावं लागतं. तपासण्या असतात. काळजी करण्यासारखं नाही. उन्हाळ्यापुरतं या खोक्यातलं सामान बसवून घ्यावं म्हणते. कसं बसवायचं ते लिहा.

निशिगंधा


मोताळा, २३ एप्रिल

कुलदीप,

उत्तर आलं नाही. पत्र पोचायचं असेल अजून.

चौदा एप्रिलच्या जयंतीची गडबड संपली आणि संघर्षभाऊंनी गाडी त्यांच्या गॅरेजच्या शेडमध्ये घेतली. आधी ते तयार नव्हते. ‘वहिनी, हे काम त्याचं हाय. त्यानं या इंजिनाचं डोकं फिरवून ठेवलं, टर्बोचा दाब वाढवला. आता त्याच्याशिवाय मी हात लावला अन् काही झालं तं?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘भाऊ, काही होऊन राहिलंच आहे.’ मग त्यांनी विचारलं, बुलडाण्याला एवढं काय काम असतं. मी सांगितलं. ते पान्हा घेऊन खालीच बसले.

तर तुम्हालाही सांगते. मागच्या पत्रात तपासण्या लिहिलं ते खोटं होतं. आईंच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. दिवाळीपासून डायलिसिस चालू आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी. मी गाडी शिकले ती यासाठीच. तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. ‘त्याले सांगशीन तं मी मशीनवर झोपणार नाही,’ म्हणाल्या. आता मी शपथ मोडली. त्यांना हे माहीत नाही.

काळीपिवळी जीपनं नेऊन पाहिलं. जाताना जमतं. येताना त्यांना बसवत नाही, आडवं व्हावं लागतं, उलटी होते. आपल्या गाडीची मागची सीट पूर्ण त्यांची असते. पहिल्यांदा बसल्या तेव्हा दारापाशी खूप वेळ उभ्या राहिल्या. तुम्हाला माहीत आहे का ते. बाबांना दवाखान्यात नेताना गाडी घाटात अडली, तेव्हा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्या त्याच सीटवर बसल्या होत्या. त्या दिवसाबद्दल त्या माझ्याशी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. तुम्हाला मात्र बोलल्या, तेही एकच वाक्य, आणि सगळ्या भावकीसमोर. ‘तुह्या गाडीनं खाल्लं त्याहिले.’ मी स्वयंपाकघरात होते. मला ऐकू आलं. तुम्ही काहीतरी उलट बोलाल असं वाटलं होतं. तुम्ही चप्पल घातली आणि बाहेर गेलात. आणि तसेच जात राहिलात, पार समुद्रापलीकडे.

संघर्षभाऊंनी मला शेडमध्ये समजावून सांगितलं, जसं मला समजेल तसं लिहिते, चुकलं असेल तर सांगा. टर्बो हवा दाबून इंजिनात घालतो. दाबली की हवा तापते. सायकलचा पंप मारताना बूड तापतं तसं. म्हणून बंपरमागे इंटरकूलर असतो, बाहेरच्या वाऱ्यानं आतली हवा गार करायला. पण घाटात ट्रकमागे गाडी रांगत असताना वारा कुठला? आणि असला तरी आपल्याकडचा मे महिन्याचा वारा म्हणजे भट्टीचं तोंड. मग गरम हवा आत जाते आणि गाडीचा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला ताकद काढून घेतो. बाबांना नेलं त्या दिवशीही तेच झालं होतं. गाडी बिघडली नव्हती. तिनं स्वतःला वाचवलं होतं.

हे मला आधी माहीत नव्हतं. आईंनाही नाही.

तुमच्या खोक्यातला डबा म्हणजे पाण्याचा इंटरकूलर. तापलेली हवा डब्यातून जाते, तिच्या भोवती पाणी फिरतं, ते पाणी उष्णता ओढून घेतं आणि पुढच्या वेगळ्या रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं. पाणी लवकर तापत नाही. भाऊ म्हणाले, ‘सगळा दिवस नाही वाचवणार ते. पण घाट चढेपर्यंत पुरते.’

आपल्याला तेवढंच पाहिजे.

निशिगंधा


मोताळा, १० मे

कुलदीप,

कालचं लिहायचं की नाही, ठरत नव्हतं.

परवा गाडी जुळून आली. जुना इंटरकूलर काढला, त्या जागी पातळ रेडिएटर आणि पंखा बसला. डबा इंजिनाजवळ बसला. पंप वर, बॅटरीशेजारी, कारण तिथं जागा होती. पाण्याची छोटी टाकी खाली, चाकाच्या मागे. आई शेडमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना पाणी मोजून द्यावं लागतं, अंगात साठतं म्हणून. दिवसभर ओठ सुकलेले असतात. संघर्षभाऊ टाकीत पाणी ओतत होते, कूलंट मिसळलेलं, हिरवंगार. त्या म्हणाल्या, ‘पाज बाप्पा, तिले पोटभर पाज. मले तं घोटभर देत नाही हे बाई.’ आम्ही तिघंही हसलो. आई हसल्या हे मी मुद्दाम लिहिते आहे.

काल शुक्रवार. दुपारचा नंबर मिळाला होता, मशीन मोकळं होतं तसा नंबर मिळतो, आपल्या हातात नसतं. पाय सुजलेले होते आणि श्वास घेताना खांदे वर जात होते. म्हटलं, आज गाडी उडत जाईल.

घाट लागला आणि दुसऱ्याच वळणानंतर पिवळा दिवा लागला. पंपाचा आवाज येत होता. पंखा फिरत होता. तरीही. आधीपेक्षाही लवकर. मी एसी बंद केला, काचा उघडल्या, आत आग आली. मागून ट्रक हॉर्न देत होते. गाडी कडेला घेतली ती कुठं ते मी पाहिलं नव्हतं. आईंनीच विचारलं.

‘गंधा, हे तेच वळण होय ना वं?’

मी हो म्हटलं.

मी बोनेट उघडलं. मला त्यातलं काय कळणार होतं? निळ्या पाइपाला हात लावला तर एक टोक चटका बसेल असं आणि दुसरं गार. संघर्षभाऊंना फोन लागेना, घाटात रेंज नसते. खालून गोविंदाची काळीपिवळी आली. तो राजूरचा, मला ओळखतो. त्यानं दोन माणसं उतरवून मधली सीट रिकामी केली. मी दार उघडून म्हटलं, आई, चला.

त्या म्हणाल्या, ‘मी नाही उतरत.’

‘आई, श्वास लागतोय तुम्हाला.’

‘ते बी नव्हते उतरले. म्हणे, पोरगा म्हणते हाय ना, चालू होते आता, बसू दे मले. त्याहिले इसवास होता. मी म्हटलं असतं का चला, दुसऱ्या गाडीत बसू, तं... मी बी नाही म्हटलं.’

मी तिथं रस्त्यावर हात जोडले, कुलदीप. ट्रकवाले बघत होते. मी त्यांच्या पायाला हात लावला, तिथं सुजेत बोट रुतलं आणि खळगा तसाच राहिला. गोविंदा म्हणाला, ‘काकू, सूनबाई रडून राह्यली, पाहा ना.’ तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उतरल्या. पोचलो. वेळेत पोचलो म्हणायचं, डॉक्टर माझ्यावर ओरडले तेवढंच.

गाडी टोचन लावून खाली आणली. संघर्षभाऊ म्हणतात पाण्यात हवा अडकली. पंप नुसता घुमत होता, पाणी फिरतच नव्हतं. पण हवा काढली तरी ती पुन्हा भरते. त्यांचा चेहरा पाहवत नाही. मंगळवारी परत जायचं आहे आणि कशानं जायचं ते मला माहीत नाही.

तुम्ही तिकडे दिवसभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करता. एक ओळ लिहा.

निशिगंधा


मोताळा, २५ मे

कुलदीप,

पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून मी त्याचा फोटोही पाठवला होता. तुम्ही उत्तर दिलंत. संघर्षभाऊंना. त्यांनी मला तुमचा आवाज ऐकवला, फोन माझ्या कानाशी धरून. ‘टाकी सगळ्यात वर घे. पंप सगळ्यात खाली. गाडीचं तोंड चढावर ठेव, झाकण उघडं ठेव, पंप चालू-बंद करत राह, बुडबुडे संपेस्तोवर. घाई करू नोको.’ दोन वर्षांत तुम्ही एवढं सलग बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी तो आवाज पुन्हा लावायला सांगितला. भाऊंना वाटलं मला टाकीचं समजलं नाही.

त्यांनी सगळं उलटवलं. टाकी बोनेटखाली उंच जागी, पंप बंपरच्या तळाशी. मग गाडीची पुढची चाकं तिरप्या फळीवर चढवली आणि झाकण उघडून बसलो. बुडबुडे येत राहिले. येत राहिले. मग पाणी एकदम खाली गेलं, भाऊंनी आणखी ओतलं, आणि परत आलेल्या पाइपातून पाण्याची धार टाकीत पडताना दिसली. भाऊ म्हणाले, ‘फिरून राह्यलं, वहिनी. फिरून राह्यलं.’

तोवरच्या फेऱ्या गोविंदानं केल्या. त्या कशा झाल्या ते लिहीत नाही.

परवा शुक्रवारी गाडी नेली. पुन्हा दुपारचाच नंबर. संघर्षभाऊ शेजारी बसले, हातात एक छोटा मीटर, आत जाणारी हवा किती तापते ते दाखवणारा. घाटाच्या पायथ्याशी दोन ट्रक आणि एक एसटी. आम्ही त्यांच्या मागे. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखत होती. मीटरचा आकडा चढला, मग हळू झाला, मग एका जागी थांबला. ते वळण आलं. एसटी बाजूला झाली, मी अॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी अशी निघाली, कुलदीप, जशी ती डिसेंबरात निघते. मागे पाठ सीटला टेकली.

वर पोचल्यावर मी गाडी सावलीला घेतली. मला रडू येईल असं वाटत होतं, आलं नाही. आई खिडकीबाहेर बघत होत्या. मग संघर्षभाऊंना नाही, मला म्हणाल्या,

‘त्याले सांग, गाडी चढली.’

म्हणून सांगते.

निशिगंधा


मोताळा, ७ जून

कुलदीप,

मागच्या पत्राचा फोटो मिळाला त्या रात्री तुम्ही फोन केलात, तेव्हा मी तो आईंच्या कानाला लावला आणि मुद्दाम अंगणात गेले. पण खिडकी उघडी होती. आई म्हणाल्या, ‘त्या गाडीतलं पाणी किती दिवसानं बदलाचं असते?’ तुम्ही खूप वेळ काहीतरी सांगत होतात. त्या ‘हाव... हाव...’ म्हणत होत्या. मला वाटलं सगळं नीट होईल. मी वेडी आहे.

मंगळवारी त्या गाडीत बसल्या नाहीत.

मी गाडी दारात लावली, एसी लावून गार करून ठेवली. त्या खाटेवर बसून होत्या. म्हणाल्या, ‘आज नाही जात.’ मला वाटलं थकल्या असतील. शुक्रवारीही नाही. हाताची जी नस मशीनसाठी तयार केली होती ती बंद पडत आली आहे, डॉक्टर म्हणतात आता मानेतून नळी घालावी लागेल. त्यावर त्यांनी मान हलवली, नाही अशी.

मी भांडले. पहिल्यांदाच. म्हटलं, ‘गाडी चढत नव्हती तेव्हा आलात, आणि आता चढते तर येत नाही? कशासाठी केलं मग आम्ही हे सगळं?’

त्या शांतपणे म्हणाल्या, ‘केलं ते बेस केलं. माह्या पोराच्या गाडीत खोट नव्हती, हे मले माह्या डोयानं पाहाले भेटलं. पण त्या मशीनले बांधून मले किती दिवस ठेवशीन, पोरी? मी नाही म्हणून राह्यली. रागानं नाही. मले आता पाणी पिऊ दे.’

भावकीतल्या गजेंद्रदादांना बोलावलं, त्यांनी समजावलं. संघर्षभाऊंनी समजावलं. डायलिसिसला शेजारच्या खाटेवर असतात त्या तानुबाईंनी फोन करून शिव्या घातल्या. त्या सगळ्यांचं ऐकून घेतात आणि ‘बरं’ म्हणतात, अगदी तुमच्यासारखं.

डॉक्टर म्हणाले, शुद्धीत आहेत, त्यांचं त्या ठरवू शकतात. थोडेच दिवस मिळतील. मला काय करायचं ते कोणी सांगत नाही. उचलून गाडीत घालू का? त्यांचं वजन आता एवढंसं आहे, मला जमेल. पण तिथं नेल्यावर पुढं काय?

त्या पाणी मागतात. मी देते. तांब्याभर देते. चुकत असेन तर तसं म्हणायला इथं या.

निशिगंधा


मोताळा, ३० जून

कुलदीप,

फोनवर तुम्हाला कळलंच आहे. पण तेव्हा माझ्याभोवती माणसं होती.

कंपनीनं सुट्टी दिली नाही, तुमचा पासपोर्ट त्यांच्याकडे, साहेब रजेवर. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही रोज दोन वेळा फोन केलात, शेवटी त्या बोलत नव्हत्या तरी. मी स्पीकर लावून उशीशी ठेवायचे. तुम्ही त्यांना गाडीचं सांगायचात, पंपाचं, पाइपांचं. शेवटच्या दिवशी तुम्ही बोलत असतानाच श्वास लांब-लांब होत गेला. तुम्ही रेडिएटरचं काहीतरी सांगत होतात. मी तुम्हाला थांबवलं नाही. तुमचं वाक्य पूर्ण झालं तेव्हा त्या गेलेल्या होत्या. मी ते तुम्हाला लगेच सांगितलं नाही, तुम्ही आणखी थोडं बोलत राहिलात, आणि मी ऐकत राहिले. तेवढंच मला करता आलं.

त्रास झाला का असं तुम्ही विचारलंत, तेव्हा मी नाही म्हटलं. थोडा झाला. धाप लागायची. पण हातात तांब्या असायचा आणि चेहरा शांत असायचा. खरं तेच लिहिते.

अग्नी गजेंद्रदादांनी दिला. तेरवी झाली. माणसं गेली. घर आता इतकं शांत आहे की फ्रीज चालू झाला की मी दचकते. मंगळवारी सकाळी मी उठून आईंची पिशवी भरली, चादर, बिस्किटं, फाइल, आणि मग भरलेल्या पिशवीकडे बघत बसले.

आता माझं. हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. मी या घरात तुमची बायको म्हणून आले. तुम्ही गेल्यावर आईंची सून म्हणून राहिले. आता दोन्हीही नाही असं वाटतं. नातेवाईक विचारतात, ‘तो कवा येते?’ मी म्हणते, येतील. मला माहीत नाही. तुम्ही कधी ‘ये’ म्हणाला नाहीत आणि ‘येतो’ही म्हणाला नाहीत.

खामगावला माझ्या जुन्या लॅबमध्ये जागा निघाली आहे. रक्त तपासायचं काम, लग्नाआधी करायचे तेच. सोमवारी रुजू व्हायचं आहे. माहेरी नाही राहणार, वेगळी खोली बघितली आहे. घराची किल्ली गजेंद्रदादांकडे देते. दादांनी शेताचं आधीच बघितलेलं आहे. घर तुमचं, शेत तुमचं, मला त्यातलं काही नको.

गाडी मात्र मी नेते आहे.

ती तुमच्या नावावर आहे, म्हणून विचारते. नाव बदलायला आरटीओला तुमची सही लागते, कागद सोबत जोडला आहे, खूण केली आहे तिथं सही करून पाठवा. सही केली नाहीत तरी गाडी मी वापरेन, एवढं मला कळतं की पोलीस अडवेपर्यंत कोणी विचारत नाही. पण मला ती माझ्या नावावर हवी आहे.

आणि सही करताना एकदा मला फोन करा. काय बोलायचं ते सुचलं नाही तर गाडीबद्दल बोला. मी ठेवणार नाही.

निशिगंधा